आकड्याचा धनी



विषय पत्रिकेवर छापून आला तेव्हापासून दोनतीन सद्गृहस्थांनी आम्हांला रस्त्यात गाठून विचारले, की वसंत व्याख्यानमालेत मटकेवाल्याचे चरित्र कशाला? काल ह्याच व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर विवेचन झाले, उद्या पाण्याच्या प्रश्नावर एक अभियंते बोलणार आहेत, आणि मध्येच आज रतन खत्री! शंका रास्त आहे. आम्ही कार्यवाहांना दोन विषय कळवले होते, एक किमान वेतनाचा आणि दुसरा हा. त्यांनी हा निवडला. तेव्हा दोष असेल तर तो निम्मा त्यांचा धरावा.

आमचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे एका जिनिंगमध्ये चहा पोचवू लागलो, मग पाठीवर सरकीची पोती घेतली, आणि हमालांच्या व कारखान्यांतल्या कामगारांच्या संघटनेचे काम एकदा अंगावर आले ते अजून उतरलेले नाही. जे काही वाचले ते वाचनालयात आणि एस.टी.त. त्यामुळे पंडिताची भाषा आमच्याकडून होणार नाही. पण एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. रतन खत्री ह्या नावावर आमच्या कामगारांनी जेवढे पैसे बिनतक्रार मोजले, तेवढे आमच्या संघटनेच्या पावतीवर कधीच मोजले नाहीत. त्या माणसाचा आम्हांला पुष्कळ वर्षे हेवा वाटत आला. तो हेवा नेमका कशाचा, हे आज बोलावयाचे आहे.

गोष्ट सुरू होते कापसापासून, म्हणजे आपल्याच घरातून. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात रोज सौदे उघडताना एक भाव ठरे आणि बंद होताना दुसरा. हे दोन्ही भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजाराला कळत. व्यापारी त्या भावांवरून खरेदीविक्री करीत, हे ठीकच. परंतु बाजाराच्या बाहेर ज्यांच्या घरी कापसाचे बोंडही आले नव्हते असे लोक त्या भावाच्या आकड्यावर पैजा लावू लागले. मुंबादेवीच्या परिसरात, धनजी स्ट्रीटवर, अशी मंडळी भाव यायची वाट पाहत उभी राहत. ह्या खेळाला 'आकडा' म्हणत, आणि पुढे मटका आला तरी 'आकडा लावणे' हा शब्दप्रयोग तसाच राहिला.

आम्ही ह्या गोष्टीपाशी नेहमी थबकतो. भोकरदनच्या किंवा परतूरच्या शेतकऱ्याने काळ्या जमिनीत सरकी टोचायची, निंदायची, वेचायची, बैलगाडीत घालून जिनिंगच्या दारात रात्र काढायची, आणि सकाळी अडत्या सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यायचा. न्यूयॉर्कचा भाव त्याच्या कानावर कशाला येतो? आणि मुंबईच्या गल्लीतल्या रिकामटेकड्याला मात्र तो भाव शेवटच्या आकड्यापर्यंत तोंडपाठ! कापूस पिकवणाऱ्याला भाव ठाऊक नाही आणि भाव ठाऊक असणाऱ्याला कापूस ठाऊक नाही, असा तो व्यवहार होता.

पण त्या जुगाराचा एक गुण लक्षात घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. न्यूयॉर्कच्या भावाला हात लावणे मुंबईतल्या कोणाच्याही हातात नव्हते. पैसे घेणाऱ्यालाही नाही, लावणाऱ्यालाही नाही. आकडा सातासमुद्रापलीकडून येत होता, म्हणून त्यावर विश्वास होता. १९६१ साली न्यूयॉर्कहून हे भाव येणे बंद झाले आणि खेळणारांपुढे प्रश्न पडला, की आता खोटा नसलेला आकडा आणायचा कोठून?

उत्तर दोन माणसांनी दिले. पहिले कल्याणजी भगत. हे कच्छमधल्या शेतकरी घरातले. १९४१ साली मुंबईस आले, फेरीवर मसाला विकला, पुढे वरळीत किराणा दुकान घातले. त्यांनी १९६२ साली वरळीत स्वतःचा आकडा सुरू केला. आरंभी शून्य ते नऊ अशा चिठ्ठ्या मातीच्या मटक्यात घालून एक काढीत, त्यावरून खेळाला मटका हे नाव पडले. मटके गेले, पत्ते आले, तरी नाव चिकटले ते चिकटलेच.

दुसरे रतन खत्री. हे सिंधी, कराचीचे. फाळणीत घरदार मागे टाकून मुंबईस आलेल्या हजारोंपैकी एक. आरंभी ते भगतांच्याच हाताखाली कारभार पाहत, आणि १९६४ साली त्यांनी आपला वेगळा मटका काढला. भगतांचा खेळ आठवड्याचे सातही दिवस चाले. खत्रींनी आपल्या खेळाला सुट्टी ठेवली. आम्ही संघटनेचे लोक असल्यामुळे ह्या तपशिलाकडे आमचे लक्ष गेले, नाहीतर जाते ना!

आता खेळ कसा होता ते सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ठाऊक नसल्यासारखे ऐकावे. पत्त्यांच्या जोडातली चित्रे बाजूला ठेवायची. उरलेल्यांतून तीन पाने काढायची. दहाचे पान शून्य धरायचे. समजा दुर्री, सत्ती आणि अठ्ठी निघाली. बेरीज सतरा. सतरातला शेवटचा आकडा सात, तो झाला ओपन. हे रात्री नऊला. मग बाराला पुन्हा तीन पाने. एक्का, चौकी आणि नव्वी निघाली तर बेरीज चौदा, आकडा चार, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी झाली चौऱ्याहत्तर. कोणी नुसता एकेरी आकडा लावी, कोणी जोडी, कोणी तिन्ही पानांची पत्ती. अगदी चार आण्यांपासून लावता येई. घोड्यांच्या शर्यतीला जायचे तर तिकीट, कपडे, गाडीभाडे हे सगळे आले. मटक्याला काही लागत नव्हते. लिहिता न येणाऱ्यालाही बोटांवर आकडा दाखवता येतो.

खत्रींची करामत अशी, की ती पाने ते लोकांसमोर उघडीत. न्यूयॉर्क गेले होते, तेव्हा न्यूयॉर्कच्या जागी काही तरी न हलणारे हवे होते. त्यांनी चारचौघांचे डोळे तिथे बसवले. खत्रींचा आकडा खरा, अशी जी ख्याती झाली ती ह्यामुळे. आणि ख्यातीला दुसरा टेकू होता तो चुकाऱ्याचा. आकडा लागला की पैसे मिळत, मग लावलेल्याची पावती म्हणून एक चिटोरे का असेना. त्या चिटोऱ्यावर ना शिक्का, ना सही. शिवाय सगळा धंदाच बेकायदा. १८८७ सालापासून मुंबई इलाख्यात जुगाराला बंदी आहे. तेव्हा पैसे बुडाले असते तर कोणी कोणत्या कोर्टात जाणार होता? तरीही कामगार ते चिटोरे बंडीच्या आतल्या खिशात ठेवून निर्धास्त झोपत असे.

आमच्या हेव्याचे मूळ इथे आहे. बोनसचा कायदा १९६५ सालचा. कमीत कमी ८.३३ टक्के बोनस द्यावा असे त्यात, तो २०२५ साली रद्द होईपर्यंत, स्पष्ट लिहिलेले होते. कायदा संसदेचा, अंमल सरकारचा, तरी एका कारखान्यातल्या एकसष्ट माणसांचा तो बोनस वसूल करावयास आम्हांला दोन वर्षे तारखांना जावे लागले. त्यांतले तिघे तोवर गाव सोडून गेले होते. आणि इकडे बेकायदा चिटोऱ्यावर रुपयाला नऊ रुपये त्याच रात्री! तुम्हीच सांगा, मजुराने विश्वास कोणावर ठेवावा?

मुंबईच्या गिरणगावात ह्या खेळाने कसे घर केले ते समजण्यास पाळ्यांचे वेळापत्रक पाहावे. गिरणीची दुसरी पाळी दुपारी साडेतीनला लागे आणि रात्री बाराला सुटे. क्लोजचा आकडाही बाराला. हे मुद्दाम केले की जुळून आले, ह्याला महत्त्व नाही. पण दिवसभर सूत भरलेल्या हवेत उभा राहिलेला माणूस भोंग्याबरोबर बाहेर पडे, तेव्हा त्या दिवसातली एकुलती एक अनिश्चित गोष्ट फाटकाबाहेर त्याची वाट पाहत असे. बाकी सगळे ठरलेलेच होते. पगार ठरलेला, कापलेले पैसे ठरलेले, खानावळीचे बिल ठरलेले. जुगाऱ्याला लोभी म्हणणे सोपे आहे. आम्हांला मात्र आमच्या माणसांत लोभापेक्षा कंटाळा अधिक दिसला.

आपल्याकडे हे लोण कधी आले ते वर्षावारी सांगणे कठीण. मटका सुरू झाला तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. आपला जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. आम्ही जिनिंगमध्ये चहा पोचवीत होतो त्या १९८५-८६ च्या सुमारास मात्र आकडा इथे चांगलाच मुरलेला होता. रात्री मुंबईहून कोणाच्या तरी फोनवर निरोप येई आणि पहाटे एका हॉटेलच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर खडूने दोन आकडे उमटलेले असत. ते कोण लिहितो हे सर्वांना ठाऊक आणि विचारले तर कोणालाच नाही. गाडीचा नंबर, प्रेतयात्रेतल्या माणसांची संख्या, स्वप्नातला साप, कशातूनही आकडा निघे. एक मुकादम तर म्हशीने सकाळी किती वेळा मान हलवली ते मोजी.

आम्हीही खेळलो. वयाच्या सोळाव्या वर्षी दोन रुपये चौक्यावर लावले आणि अठरा आले. त्यांतून आईला चपला घेतल्या. आईने त्या पायात घातल्या नाहीत, कारण पैसे कोठून आले हे आम्ही सांगितले नाही आणि तिने ओळखले. पुढच्या चार महिन्यांत अठरांच्या कितीतरी पट गेले. त्या चपला मात्र कोनाड्यात पुष्कळ दिवस नव्याकोऱ्या पडून होत्या.

मग एकदा, १९८९ साली, आम्ही पगाराच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. शेकडेवारी आम्ही तेव्हा नुकतीच, वाचनालयातल्या एका जुन्या अंकगणितावरून शिकलो होतो, आणि नवीन शिकलेला माणूस ते कोठेही लावून पाहतो. आकडे दहा. तेव्हा एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहात एक. आमच्याकडचा भाव रुपयाला नऊ. दहा माणसांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर रुपया रुपया लावला तर दहा रुपये जमतात, एकाला नऊ मिळतात, आणि एक रुपया मागे राहतो. जोडीचेही तेच. शंभर जोड्या आणि भाव नव्वद. पान बदलायला नको, कोणाला फसवायला नको. पाने देवळाच्या गाभाऱ्यात उघडली तरी तो दहावा हिस्सा मागे राहणारच.

आता समजा, आमची सगळी वस्ती मिळून हजार रुपये घेऊन बसली आणि जे परत येईल ते पुन्हा लावीत गेली, कारण वस्तुतः होते तसेच. सरासरीने पहिल्या फेरीनंतर नऊशे उरतात. दुसरीनंतर आठशे दहा. तिसरीनंतर सातशे एकोणतीस. बाविसाव्या फेरीनंतर शंभरही उरत नाहीत. रोज फेऱ्या दोन, एक ओपनची आणि एक क्लोजची. म्हणजे अकरा दिवस! दर महिन्याचा पगार अकरा दिवसांत कोठे जातो ह्याचा पत्ता आम्हांला त्या पाकिटावर लागला. खत्री खोटे असते तर धंदा चार महिन्यांत बुडाला असता. ते खरे होते म्हणून तो पंचवीस वर्षांवर चालला.

दुसऱ्या दिवशी हे गणित आम्ही एका वयस्क हमालाला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. त्याने शेवटपर्यंत ऐकले, बिडी विझवली आणि म्हणाला, "गणित बरूबर हाय भाऊ. पर तुमच्या गणितात मह्या आकडा कुठं हाय?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. सरासरी वस्तीची असते, आकडा ज्याचा त्याचा. पुढे ऋग्वेदातल्या अक्षसूक्ताविषयी वाचले तेव्हा हा हमाल आठवला. त्या सूक्तात जुगारी स्वतःच आपली दशा सांगतो. बायको दुरावली, सासू तिटकारा करते, कोणी उधार देत नाही, तरी फाशांचा आवाज कानी पडला की पाय तिकडे वळतात. ते फासे कशाचे, तर बेहड्याच्या फळांचे. तीन हजारांवर वर्षे झाली, बेहड्याची जागा पत्त्यांनी घेतली. सूक्ताच्या अखेरीस त्याला सल्ला मिळतो, की फासे सोड आणि शेती कर. ऋषी मोठे खरे, पण त्यांनी मृगाच्या भरवशावर सरकी टोचून पाहिली नसावी. आमच्या जिल्ह्यात शेती करणे म्हणजे फासे टाकण्यासारखेच आहे, फक्त त्यात रुपयाला नऊचा भाव कोणी देत नाही.

खत्रींच्या आयुष्याकडे परत येतो. माणूस रंगेल होता, त्यात वाद नाही. सिनेमाच्या जगाला त्यांचे आकर्षण होते. १९७५ साली फिरोज खान यांचा 'धर्मात्मा' चित्रपट आला. त्यात प्रेमनाथ यांनी केलेली भूमिका खत्रींवरून बेतली आहे असे सर्रास बोलले जाई. त्याच वर्षी आणीबाणी आली आणि खत्री तुरुंगात गेले. एकोणीस महिने आत होते. त्याच आणीबाणीत मृणालताई गोरे यांच्यासारख्या, कष्टकऱ्यांचे मोर्चे काढणाऱ्या नेत्याही तुरुंगात होत्या. मटका चालवणारा आणि मोर्चा काढणारा ह्या दोघांना सरकारने एकाच कुलपाखाली ठेवावे, हा त्या काळाचा न्याय! बाहेर आल्यावर खत्रींचा धंदा पुन्हा उभा राहिला. महिनोन् महिने कारखाना बंद पडल्यावर आमची संघटना तशी उभी राहते का, असे आम्ही मनाशी विचारून पाहिले आहे. राहत नाही.

मध्ये १९६९ साली राज्य सरकारने स्वतःची लॉटरी काढली. लोकांचा पैसा बेकायदा जुगारात जातो तो सरकारी तिजोरीत यावा, असा विचार. त्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही. एवढेच, की आमच्या हमालाला सरकारचे तिकीट आणि खत्रींचे चिटोरे ह्यांतला भेद समजावून सांगण्याची पाळी आमच्यावर आली, आणि ते काम आम्हांला नीट जमले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. गिरण्याच एकेक करून संपत गेल्या. रात्री बाराचा भोंगा थांबला. मटका त्या दिवशी संपला नाही, परंतु ज्या फाटकांवर तो वाढला ती फाटकेच बंद झाली. नवे नवे मटके निघाले, दिवसाचे, रात्रीचे, कोणाकोणाच्या नावांचे. ज्या आकड्यावर सर्वांत थोडे पैसे लागले तोच काढतात, अशी त्यांच्याबद्दल बोलवा झाली. चारचौघांचे डोळे जाग्यावरून उठले, की असे व्हायचेच.

खत्री १९९०-९२ च्या सुमारास धंद्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही ते महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावावयास जात. ज्याने जन्मभर दहावा हिस्सा मागे कसा राहतो ते पाहिले, तो पैसे लावणारांच्या रांगेत! हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा हसू आले, मग आले नाही. हमालाचा प्रश्न आठवला. गणित खत्रींना आमच्यापेक्षा पक्के ठाऊक होते. मे २०२० मध्ये मुंबईत, वयाच्या ८८ व्या वर्षी, ते वारले. टाळेबंदीचे दिवस होते. ज्यांच्या आकड्याची अर्धी मुंबई वाट पाहत असे, त्यांच्या मागून जावयास त्या आठवड्यात लोकांना रस्त्यावर गर्दी करण्याची मुभा नव्हती.

आता आपल्या घरचे. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलाद कारखान्यांत परप्रांतांतली तरुण मुले पुष्कळ आहेत. २०२३ साली त्यांतला एक मुलगा आमच्याकडे आला. सळया ओढण्याचे काम, भट्टीसमोर बारा तास. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली उचल त्याने सहा रात्रींत मोबाईलवरच्या पत्त्यांत घालवली होती. आम्ही विचारले, समोर कोण खेळत होते? त्याला ठाऊक नव्हते. पाने कोणी पिसली? ठाऊक नव्हते. जिंकलास तेव्हा पैसे कोणी दिले, हरलास तेव्हा कोणी घेतले? मोबाईलनेच. मटका लावावयास निदान चालत जावे लागे. वाटेत मेव्हणा भेटे, मास्तर भेटत, लाज वाटे. ह्या मुलाला सहा रात्री कोणी पाहिलेच नाही. शेजारच्या कॉटवर त्याचा सख्खा चुलतभाऊ झोपलेला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे मोबाईलवरचे खेळ, मग ते कौशल्याचे म्हणा की नशिबाचे, बंद केले. कायदा चांगला आहे. १८८७ चाही चांगलाच होता.

त्या मुलाला आम्ही जे विचारले, तेच एकदा आम्हांला विचारले गेले होते. ती गोष्ट सांगितल्यावाचून हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

१९९४ साली एका कारखान्याने टाळे लावले. त्रेचाळीस माणसे बाहेर. आम्ही बाजारात डबे फिरवून ३,२०० रुपये जमवले. त्यातून घरटी ज्वारी द्यावयाची होती. विसाव्या दिवशी आमचा खजिनदार मोतीबागेच्या तळ्यावर आम्हांला घेऊन गेला आणि रडू लागला. पैसे पुरणार नाहीत हे त्याला दिसत होते. दुप्पट करावे म्हणून त्याने पंधराशे रुपये आकड्यावर लावले, तीन रात्री मिळून. गेले. एक पै स्वतःवर खर्च केलेली नव्हती. घरात त्याच्याही ज्वारी नव्हती. आम्ही त्याला दोष दिला नाही असे म्हणणार नाही. फार दिला. मग मनात आले, की त्याने सांगितले नसते तर आम्हांला कधी कळले असते? हिशेब तिघांना ठाऊक, आणि तिघांपैकी वही पाहत होता एकच, तो स्वतः.

दोन दिवसांनी सभा घेतली आणि सर्वांपुढे सांगून टाकले. वाटले होते, लोक अंगावर येतील. कोणी हलले नाही. मग सरकी निवडणारी एक म्हातारी उठली. ती संपातली नव्हती, तिचा मुलगा होता. म्हणाली, "भाऊ, त्यो खत्री तर पानं समद्यांम्होरं उघडीत व्हता म्हनं. तुमचा डबा उघडलेला कुनी पाह्यला?"

सबंध सभेत तिच्या बोलण्यावर उत्तर देण्यास कोणी उठले नाही, आम्हीही नाही.

पैसे आम्ही दोघातिघांनी हळूहळू भरले, त्याला तीन वर्षे लागली. खजिनदार संघटनेत राहिला, पुढे त्याने डबा धरला नाही. आणि तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमचा डबा सर्वांपुढे सतरंजीवर पालथा होतो. मोजणारे दोन जण कोण, हे आधी ठरलेले नसते. सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका मातीच्या मटक्यात घालतो आणि हजर असलेल्या लहानात लहान पोराला काढावयास सांगतो. मटकाच का, असे एक मोठे पुढारी आले होते त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, स्वस्त पडतो. पहिल्याच खेपेला चिठ्ठी निघाली ती त्या म्हातारीच्या मुलाची, पण मोजावयास बसली म्हातारी. तिला वाचता येत नव्हते. नाणी मात्र तिने बोटांनी चाचपून वेगळी केली आणि बेरीज आमच्यापेक्षा आधी सांगितली. आता डब्यात रोख थोडी असते, पुष्कळ जण मोबाईलवरूनच वर्गणी पाठवतात, तेव्हा बँकेचा उतारा मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. त्याला वेळ लागतो, लोक जांभया देतात, पण उठून जात नाहीत.

पुढचा पहिला रविवार परवाचाच आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी जिनिंगमागच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत सकाळी नऊला यावे. नऊ म्हणजे नऊ. आमच्याकडे ओपन वेळेवर असतो.